निष्क्रिय खात्यातील हसू

ज्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः होऊन कोणताही व्यवहार केलेला नसतो, त्या खात्यास बँकेच्या परिभाषेत निष्क्रिय खाते म्हणतात. निष्क्रिय झाले म्हणजे ते बुडाले असे नव्हे. शिल्लक जागेवर असते, बचत खाते असल्यास व्याजही चढत राहते. दहा वर्षे उलटली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग होते. परंतु तेव्हाही खातेदाराचा अथवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. कागदपत्रे घेऊन योग्य मनुष्य खिडकीपाशी आला की खाते पुन्हा चालू होते. अडचण एवढीच असते, की आलेला मनुष्य खरा वारस आहे की कोणी तिऱ्हाईत, हे पारखून घ्यावे लागते.

दूरचित्रवाणीवरील जुन्या विनोदी मालिकांना हाच नियम लागू पडतो. इंग्लंडमध्ये अमुक मालिका पुन्हा आणावी, तमुक आणू नये, यावर बरीच वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे वाद कमी आणि हळहळ जास्त. पूर्वीसारख्या मालिका आता निघत नाहीत, हे वाक्य नागपुरात लग्नाच्या पंगतीपासून इतवारीतील पेढीच्या गादीपर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. त्यातील कोणती खरोखर परत यावयास हवी आणि कोणत्या मालिकेची शिल्लक आहे तशीच सुरक्षित ठेवलेली बरी, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

मार्च २०२० च्या अखेरीस हा हिशेब करण्याची सक्तीची सवड मिळाली होती. टाळेबंदीत इतवारी आणि गांधीबाग ओस पडलेली, गल्ले बंद, हमालांच्या हाका बंद. आणि ज्या पुरुषांना आपल्या घरातील दुपार कशी असते हे ठाऊक नव्हते, ते दुपारीही घरात. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवावयास प्रारंभ केला, त्यापाठोपाठ ‘महाभारत’, ‘ब्योमकेश बक्षी’, ‘सर्कस’ आणि ‘देख भाई देख’ही आल्या. ‘रामायण’ची प्रेक्षकसंख्या वृत्तपत्रांतून गाजली. ‘देख भाई देख’ची कोणी मोजली नसेल, परंतु १९९३ मधील त्या दिवाण कुटुंबाच्या तीन पिढ्या एका छपराखाली भांडत आणि हसत होत्या आणि पाहणाऱ्यांच्या घरातही तीन पिढ्या त्याच वेळी एका छपराखाली सक्तीने बसल्या होत्या. आजोबांना विनोद आधीच ठाऊक होता, म्हणून ते विनोदाच्या आधी हसत. नातवाला आजोबांचे ते आगाऊ हसणेच अधिक गमतीचे वाटे.

हे झाले पुनःप्रक्षेपण. जुनी पासबुके काढून चाळण्यासारखे. त्यात धोका काहीच नाही. खाते पुन्हा चालू करणे ही निराळी गोष्ट, आणि आपल्याकडील त्याचे उत्तम उदाहरण टाळेबंदीनंतरच्याच वर्षी समोर आले.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली, त्या काळात नागपूरच्या घरांच्या गच्च्यांवर अँटेना होते आणि वारा सुटला की कोणीतरी वर जाऊन ते सेमिनरी हिल्सच्या मनोऱ्याकडे वळवून येई. खाली एकजण खिडकीतून ओरडे, ‘आले, आले, आता हात काढू नकोस!’ ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत, तेथे मालिकेच्या वेळी कोणाच्या हातात ताट नसे, स्वयंपाकघरात कोणी अडकलेले नसे. सासूपासून नातवापर्यंत सारे घर हात मोकळे करून बसलेले असे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला श्रीनिवास वागले हा एका कचेरीतील साधा नोकरदार. त्याच्यावर कोसळणारी संकटे तीन-चार रुपयांची, फार तर एखाद्या दिवसाच्या रजेची. कुंदन शहा यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जोडपे. अंजन श्रीवास्तव यांनी अभिनय करता करता अलाहाबाद बँकेत नोकरीही केली होती. कचेरीत साहेबांसमोर फाइल धरून उभा राहिलेला वागले इतका खरा का वाटे, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘वागले की दुनिया’ सोनी सबवर परतली, तेव्हा लक्ष्मण जाऊन सहा वर्षे आणि कुंदन शहा जाऊन तीन वर्षे झाली होती. निर्मात्यांना दोन मार्ग मोकळे होते. नवा तरुण नट घेऊन त्यास श्रीनिवास वागले म्हणावे आणि जुन्याच गोष्टी नव्या रंगात सांगाव्यात. हा सोपा मार्ग. त्यांनी तो टाळला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे त्याच भूमिकांत, परंतु म्हातारे होऊन आले. घराचा कर्ता आता त्यांचा मुलगा राजेश. ती भूमिका सुमीत राघवन यांची. राजेशची मुले शाळा-कॉलेजात. जो वागले एके काळी महिनाअखेरीच्या चिंतेत असे, तो आता मुलाच्या खर्चाकडे पाहून जीभ चावतो. म्हणजे मधल्या तेहतीस वर्षांचा काळ मालिकेने खोडून काढला नाही, तो रोजमेळात रीतसर ओढून घेतला. नव्या मालिकेत जुनीचा शांतपणा नाही, ती बडबडी आहे आणि भाग रोजचे असल्यामुळे पाणी पुष्कळ घातले जाते, हे खरे. तरी वारस खरा होता. सही जुळली.

असाच खरा वारस इंग्लंडमध्ये एका किराणा दुकानात सापडतो आणि व्यापारी घरांतील वाचकांनी ती मालिका मिळवून पाहावी अशी आहे. तिचे नाव ‘ओपन ऑल अवर्स’. लेखक रॉय क्लार्क. १९७३ मध्ये एक सुटा भाग, मग १९७६ ते १९८५ दरम्यान चार मालिका, सारे मिळून २६ भाग. यॉर्कशायरमधील एका गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुकान, मालक आर्कराइट आणि त्याचा भाचा ग्रॅनव्हिल. पहाटे दुकानाबाहेर माल मांडायचा, रात्री आत घ्यायचा, आणि मधल्या वेळात दुकानात चुकून शिरलेल्या मनुष्याला रिकाम्या हाताने बाहेर पडू द्यायचे नाही. लेबल निघून गेलेला डबासुद्धा तो काहीतरी युक्ती लढवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. त्याच्या गल्ल्याचा खण इतक्या जोरात मिटतो, की मोड काढताना खुद्द मालकाचीच बोटे सापडावयाची वेळ येते. पैसा आत सहज जातो, बाहेर येताना चावतो. भाचा वयाने वाढतो आहे, परंतु मामाच्या लेखी तो अजून सायकलवरून घरपोच सामान देणारा पोऱ्या. त्याला जग पाहायचे आहे, निदान गल्लीचे दुसरे टोक तरी.

चित्रीकरण डॉन्कास्टर शहराच्या बाल्बी भागात एका खऱ्या केशकर्तनालयाची दर्शनी बाजू बदलून होत असे. आर्कराइट झालेले रॉनी बार्कर त्या भूमिकेत अडखळत बोलत. संहितेत ते नव्हते. ग्लेन मेल्विन नावाच्या एका जुन्या सहकलाकाराकडून उचललेली ती लकब होती. आज ती खटकते. कोणाच्या वाचादोषावर हसणे हे त्या मालिकेच्या खात्यातील नावे बाजू होय, आणि पुढे ती चालवली गेली नाही हे योग्यच झाले.

बार्कर २००५ मध्ये निवर्तले. ग्रॅनव्हिल झालेले डेव्हिड जेसन तोपर्यंत इंग्लंडमधील सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक झाले होते. २०१३ च्या नाताळात ‘स्टिल ओपन ऑल अवर्स’ या नावाने तेच दुकान, तोच गल्ला, लेखकही तेच, आणि फळीमागे आता सत्तरी ओलांडलेला ग्रॅनव्हिल! मामाची तसबीर भिंतीवर. ज्या कंजूषपणाने त्याचे तारुण्य खाल्ले, तोच आता त्याच्या बोलण्यात, हिशेबात, गिऱ्हाइकाला अडकवण्याच्या कलेत पुरेपूर उतरलेला आणि त्याचा तरुण मुलगा लिरॉय फळीपलीकडून बापाकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने बाप कधीकाळी मामाकडे पाहत असे. त्या पहिल्या भागाला एक कोटी वीस लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले आणि २०१९ पर्यंत मालिका चालली. समीक्षकांपैकी काहींनी तिला शिळी म्हटले. परंतु ज्यांच्या घरात वडिलांच्या तसबिरीखाली बसून कोणी वडिलांच्याच आवाजात नोकराला हाक मारतो, त्यांना ती शिळी वाटण्याचे कारण नाही.

दुकान आणि वारसा यांवरची याहून कठोर मालिका मात्र अजून आधीची. ‘स्टेप्टो अँड सन’ १९६२ मध्ये बीबीसीवर सुरू झाली; लेखक रे गॅल्टन व ॲलन सिम्सन. बाप आणि मुलगा, दोघे लंडनमध्ये घोडागाडीवर भंगार गोळा करण्याचा धंदा करतात. आईचे छत्र नाही, तिसरे माणूस घरात नाही. मुलगा चाळिशीकडे झुकलेला, पुस्तके वाचणारा, उच्च अभिरुचीची स्वप्ने पाहणारा. पहिल्याच भागात तो निश्चय करतो की आता बास, वेगळे व्हायचे. आपले सामान गाडीवर रचतो. बाप घोडा देत नाही. घोडा पेढीचा ना! मग तो स्वतःच गाडी ओढू लागतो आणि गाडी जागची हलत नाही. तो ओढतो, विनवतो, रडकुंडीला येतो, गाडी तेथेच. अखेर बाप गोडीगुलाबीने, चहाचे आमिष दाखवून त्याला आत नेतो. प्रेक्षक हसता हसता थांबत, कारण बापाच्या त्या मऊ बोलण्यात माया किती आणि स्वार्थ किती, हे त्यालाही सांगता आले नसते.

हा प्रसंग लिहिला गेला लंडनसाठी. पण लकडगंज किंवा इतवारीतील किती घरांत तो दरवर्षी घडतो! मुलगा पुण्याहून किंवा बेंगळुरूहून पदवी घेऊन येतो, म्हणतो की मला नोकरी करावयाची आहे किंवा स्वतःचे काही वेगळे उभे करावयाचे आहे. कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘दिवाळीपर्यंत थांब, वहीपूजन होऊ दे, मग पाहू’ एवढेच म्हटले जाते. भांडवल पेढीचे, गिऱ्हाईक पेढीचे, बाजारातील पतही पेढीच्या नावाची. घोडा कोणाचा हे स्पष्टच असते. आणि उलट बाजूही तितकीच खरी. मुलगा खरोखर निघून गेला, की सत्तरीतला बाप सकाळी स्वतः शटर वर करतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की मुलाचे फार उत्तम चालले आहे. या दुखण्यावर आपल्या समाजात प्रवचने पुष्कळ झाली; एक चांगली विनोदी मालिका झाली असती, तर बाप आणि मुलगा ती शेजारी बसून पाहू शकले असते आणि कोणीही कोणाला उद्देशून काही बोलले असे झाले नसते.

‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही तिसरी दुकानी मालिका, लंडनमधील एका कपड्यांच्या मोठ्या पेढीची. १९७२ ते १९८५ अशी ती चालली. लेखकांपैकी जेरेमी लॉइड यांनी तरुणपणी स्वतः अशा दुकानात नोकरी केलेली. तिचे मालक म्हणजे ‘यंग मिस्टर ग्रेस’, आपल्या भाषेत धाकटे शेठ. हे धाकटे शेठ इतके वृद्ध, की त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणावे लागे. आपल्या बाजारपेठेत ज्यांना पंच्याहत्तरीतही सारे ‘छोटे शेठ’ म्हणतात, अशी एक-दोन नावे प्रत्येक वाचकाला आठवतील! मात्र तिच्यातील पुष्कळसा विनोद द्व्यर्थी आहे आणि घरातील सर्वांनी मिळून पाहण्याजोगा नाही. २०१६ मध्ये बीबीसीने नवे नट घेऊन तिचा एक भाग नव्याने केला. नट सरस होते, कपडे हुबेहूब होते. तो एकच भाग झाला, पुढे काही झाले नाही.

नेमकी तीच चूक अधिक थोर मालिकेच्या बाबतीतही झाली. ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ यांचे १९८० ते १९८८ या काळातील ३८ भाग म्हणजे मंत्री आणि सचिव यांच्यातील कुस्तीचे अजोड दस्तऐवज. बँकेच्या प्रशासकीय कार्यालयात ज्यांनी टिपणीवर टिपणी चढताना पाहिली आहे, त्यांना तर ती मालिका विनोदी न वाटता माहितीपट वाटावी. पुढे तिचे पुनरुज्जीवन ठरले तेव्हा बीबीसीने नमुन्याचा एक भाग मागितला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन यांचे म्हणणे पडले की नमुन्याचे ३८ भाग बाजारात उपलब्ध आहेत. मालिका शेवटी २०१३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर आली. मूळ मंत्री पॉल एडिंग्टन आणि मूळ सचिव नायजेल हॉथॉर्न दोघेही तोवर कालवश झालेले. लेखक तेच, नावे तीच, चेहरे परके. सहा भागांत ती आटोपली. येथे सही लेखकांचीच होती, तरी खाते चालले नाही. कारण प्रेक्षकांच्या मनात ती दोन माणसेच खातेदार होती.

आपल्याकडे २००१ मध्ये तिचे हिंदी रूप ‘जी मंत्रीजी’ आले. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव, दोघेही उत्तम. पण भाग मूळ संहितांच्या चाकोरीतून चालले होते. दिल्लीचा सचिव लंडनच्या सचिवासारखा अडवत नाही. तो अडवतो ते हसून, चहा पाजून आणि ‘होऊन जाईल’ असे सांगून. तेथे ती मालिका परकी राहिली. याउलट ‘माइंड युवर लँग्वेज’ या मालिकेचे आपल्याकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७७ ची ती मूळ मालिका, लंडनमधील इंग्रजीच्या वर्गात देशोदेशीचे विद्यार्थी, आणि त्यांतील प्रत्येकाच्या देशाची खिल्ली. वाहिनीच्याच अधिकाऱ्याला ती अपमानकारक वाटून १९७९ मध्ये ती बंद झाली. तिला परत आणा असे आजही काहीजण म्हणतात; त्यांत भारतीयांचाही भरणा असतो, ही गंमतच. ती परत येऊ नये. तिच्यातील उपयुक्त तेवढे आपण १९९३ मध्येच ‘जबान सँभालके’त उतरवून घेतले आहे. वर्ग हिंदीचा, गुरुजी पंकज कपूर, आणि विद्यार्थ्यांत विजू खोटे यांचा मराठी गडी. बोलण्याच्या ढंगांची थट्टा तेथेही आहे; पण थट्टा करणारा आणि ज्याची होते तो, दोघे एकाच लोकलने घरी जाणारे आहेत.

‘फॉल्टी टॉवर्स’चे तर बाराच भाग झाले. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी तेथेच हात आखडला आणि मुद्दल आजवर शाबूत आहे. २०२३ मध्ये क्लीझ यांनी ती मुलीसह पुन्हा करण्याचा मनोदय जाहीर केला तेव्हा आनंदापेक्षा चिंताच अधिक व्यक्त झाली. काही ठेवी मोडू नयेत.

मराठीत काय परत यावे? ‘चिमणराव गुंड्याभाऊ’चे नाव प्रथम तोंडी येते. चिं. वि. जोशी यांच्या कथा, सत्तरच्या दशकातील मुंबई दूरदर्शन, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. पण ते खाते ‘फॉल्टी टॉवर्स’च्या जातीचे, चिमणरावाचा काळ त्याच्या टोपीसह संपला आहे. खरी थकबाकी आहे ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ची. २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ती सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि रंगभूषा करून आबा होत. आज ते ऐंशीच्या पुढे आहेत. रंगभूषेची गरज उरलेली नाही. शिऱ्या आता बाप झालेला असणार, शेखर निवृत्त झालेला असणार, आणि शिऱ्याचा मुलगा शिऱ्याचे ऐकत नसणार. कथा स्वतःच लिहून झाली आहे. कोणी फक्त खिडकीपाशी जाऊन अर्ज भरावयाचा आहे, आणि तो लवकर भरावयास हवा.

व्यापारी घरांच्या वाट्याला सध्या आहे तो जेठालाल. तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’तील गुजराती सदरावरून आलेली ती मालिका २००८ च्या जुलैपासून चालूच आहे, चार हजारांहून अधिक भाग झाले. जी थांबलीच नाही ती परत कशी आणणार! जेठालालच्या दुकानात पगारवाढ मागणारे नट्टूकाका मुनीम आहेत, घरी धाक असलेले बापूजी आहेत, सारे सामान हाताशी आहे. परंतु दुकान तेथे बहुधा सोसायटीतील गोंधळाला जाण्यापूर्वीचा थांबा असते. उधारी कशी वसूल होते, फोनवरून माल मागवणारा नातू आणि माल हाताने चोळून पाहणारा आजोबा एका फळीमागे कसे उभे राहतात, हे तेथे अजून आलेले नाही.

जुने पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी एक सोय झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ नावाचे ॲप सुरू केले, त्यावर दूरदर्शनचा जुना साठा ठेवलेला आहे. नातवाकडून एकदा ते उतरवून घ्यावे लागते. पासवर्ड आजोबांनी वहीत लिहून ठेवावा, कारण नातू सुटी संपली की पुण्याला परत जातो.